पट्टा कपाटात ठेवायचा, पण आजच नाही

*वाचकाचं पत्र :*

स. न. वि. वि. माझं वय ४२. एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात १७ वर्षं कारकून आहे. गाळप हंगामात सकाळी नऊला खुर्चीत बसलो की ऊसबिलं, तोडणी-वाहतुकीची बिलं करता करता रात्रीचे आठ वाजतात. घर ते कारखाना मोटरसायकलने १६ किलोमीटर, आणि रस्ता ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी ठेवला आहे तसा. मागच्या वर्षी जानेवारीत खाली पडलेलं पेन उचलायला वाकलो आणि उसण भरली. आईने आळीतल्या पायाळू बाईंना बोलावून पाठीला पाय लावून घेतला. दहा-बारा दिवसांत बरं वाटलं. पण त्यानंतर तीनदा तसंच झालं. एमआरआय काढला, त्यात एल-४ एल-५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा, निघाला. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. आणि चौदा चित्रांचा कागद हातात दिला. चार दिवस केले, पाचव्या दिवशी कंबर जास्तच धरली म्हणून सोडले. तेव्हापासून पाठ जपतो. दिवसभर पट्टा बांधतो. जड उचलत नाही, पंगतीत मांडी घालून बसत नाही, सहा वर्षांच्या मुलीला (वजन १८ किलो) कडेवर घेत नाही. गादी सोडून चटईवर झोपतो. तालमीतला मित्र म्हणतो रोज पन्नास बैठका मार, मेहुणा म्हणतो सूर्यनमस्कार घाल. पायात कळ, मुंग्या काही नाही, फक्त कंबर. पुढचा हंगाम तीन महिन्यांवर आला. नेमके कोणते व्यायाम करू? आणि मुलीला पुन्हा उचलता येईल का?

— एक वाचक, सांगली जिल्हा

*उत्तर :*

नमस्कार. तुमचं पत्र वाचताना एका वाक्याखाली मी रेघ मारली : 'तेव्हापासून पाठ जपतो.' पुढची यादी वाचत गेले तशी ती रेघ आणखी गडद केली. आधी वजन उचलणं गेलं, मग पंगत गेली, मग गादी गेली, मग लेक कडेवरून उतरली. पाठीकडची कामं तुम्ही एकेक करून काढून घेतलीत आणि तिच्या वाट्याची मेहनत पट्ट्याला दिलीत. बिनकामाची पाठ बळकट कशी राहणार? तुमच्या आजच्या दुखण्यात मणक्यांमधल्या त्या फुगलेल्या गादीचा वाटा किती आणि या जपण्याचा किती, असं मला कुणी विचारलं, तर मी जपण्याच्या खात्यावर बरीच मोठी रक्कम मांडेन.

पायाळू बाईंना मी हसणार नाही. साधी उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण उतरते. त्या काळात जे कराल त्याला यश येतं. पायाळूचा पाय, तेलाचं मालीश, कमरेतलं इंजेक्शन आणि खरं बोलायचं तर आम्हा फिजिओथेरपिस्टांचं शेकायचं मशीन, सगळे त्याच रांगेत उभे असतात. उसण उतरवण्याचं काम तुमच्या आईने चोख केलं. ती चार वेळा का भरली, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आता त्या एमआरआयबद्दल, कारण तुमची भीती तिथून आली आहे. लोक 'गादी सरकली' म्हणतात. मणक्यांमधली गादी वरच्या आणि खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असते, ती साबणाच्या वडीसारखी सरकून जात नाही. वयानुसार ती थोडी सुकते, थोडी बाहेर फुगते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत ३,११० माणसांच्या कण्याची चित्रं होती आणि यांतल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती. तरीही चाळिशीतल्या ५० टक्के माणसांत गादीचा फुगवटा दिसला आणि ६८ टक्क्यांत गादीची झीज. तुमच्या खात्यातल्या, एकदाही कंबर न धरलेल्या सहकाऱ्यांना उद्या त्या मशीनमध्ये घातलं तर निम्म्यांचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल. तुमच्या दुखण्याशी त्या फुगवट्याचा काही संबंध नाही, असं मी म्हणत नाही. पण तो दिसला म्हणून कमरेला 'हलवू नये' असा शिक्का मारायचं कारण नाही.

मात्र पुढच्या गोष्टींपैकी एकही असेल, तर हे पत्र इथेच मिटा आणि डॉक्टरांकडे जा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री कुशीवर वळलं तरी न थांबणारं दुखणं (आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो, तो विसरून चालत नाही). सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ राहणारा आणि हालचालीने सुटणारा ताठरपणा, त्यातही तो चाळिशीच्या आत सुरू झालेला असला तर. पाऊल उचलताना लोंबणं. आणि बसायच्या जागेवर बधिरपणा येऊन लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री मोठं इस्पितळ गाठायचं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून पुढे लिहिते.

स्नायू सोलून काढलेल्या कमरेच्या कण्यावर, म्हणजे नुसती हाडं, गाद्या आणि त्यांना बांधणारे अस्थिबंध एवढ्यावरच, प्रयोगशाळेत वरून भार टाकून पाहिला गेला आहे. जेमतेम ९ किलोला तो मुडपला. तोच कणा तालमीतल्या पैलवानाच्या अंगात असतो तेव्हा दुसरा पैलवान खांद्यावर घेतो. मधला सगळा फरक स्नायूंचा आहे. पाठीचे, पोटाचे, दोन्ही कुशींचे आणि ढुंगणाचे स्नायू मंडपाच्या दोऱ्यांसारखे चारी बाजूंनी ताणून धरतात, तेव्हा मधला खांब उभा राहतो. एका बाजूची दोरी सैल झाली की खांब पेन उचलायच्या निमित्तानेसुद्धा लचकतो. तुम्ही म्हणाल, पेनाचं वजन ते काय! पण अकरा तास बसून आळसावलेल्या दोऱ्या, त्या बेसावध क्षणी, वाकलेल्या धडाचं वजन पेलायला वेळेवर ताणल्या गेल्या नाहीत. पेन बिचारं फुकट बदनाम.

या दोऱ्यांना लागतो तो दम. दणकट ताकद त्यानंतरची गोष्ट. पाठीचे स्नायू दिवसभर थोडा-थोडा ताण धरून ठेवणारे. रात्रपाळीच्या वॉचमनसारखं त्यांचं काम. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बियरिंग-सोरेनसेन यांनी माणसांना टेबलावर पालथं झोपवलं, पाय बांधले, कमरेच्या वरचं धड टेबलाबाहेर अधांतरी धरायला लावलं आणि किती वेळ धरता येतं ते मोजलं. मग वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्या पुरुषांना जास्त वेळ धरता आलं, त्यांच्यात पाठदुखी पहिल्यांदा उपटण्याचं प्रमाण कमी दिसलं. (हे घरी पलंगावर करून पाहू नका, तुमच्या मेहुण्याला पाय धरायला लावून तर मुळीच नको.)

चौदा चित्रांचा तो कागद मी पाहिलेला नाही, पण तसे कागद पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत पुढे वाकायचे, मागे वाकायचे, उठाबशांचे, पाय उचलायचे सगळे प्रकार एकाच पानावर नांदत असतात. चारदा उसण भरलेल्या पाठीला पहिल्या दिवशी चौदा व्यायाम दिले तर पाचव्या दिवशी ती धरणारच. त्यात तुमचा आळस नव्हता. तुम्हाला सुरुवातीला तीनच पुरेत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अनेक वर्षं पाठीच्या व्यायामांत कण्यावर किती भार येतो ते मोजलं, आणि कमी भारात जास्त काम करवून घेणारे तीन निवडले. मी ते रुग्णांना देताना थोडी देशी नावं देते.

पहिला चौरंग, जिममध्ये याला बर्ड डॉग म्हणतात. चटईवर हात-गुडघे टेकून चौरंगासारखं उभं राहायचं. मनगटं खांद्यांखाली, गुडघे खुब्यांखाली, पाठ सपाट. आता उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे, दोन्ही जमिनीला समांतर होतील इतपत उचलायचे. दोन पाय काढून घेतले तरी चौरंग कलला नाही पाहिजे, यातच सगळी मेख आहे. बहुतेकांची कंबर एका बाजूला झुकते किंवा पोट खाली लोंबतं. लेकीला सांगा, बाबांच्या कमरेवर पाण्याचं फुलपात्र ठेव आणि सांडलं तर ओरड. तिला हे काम फार आवडेल आणि आरशापेक्षा ती कडक असेल. आठ ते दहा सेकंद धरायचं, खाली आणायचं, मग दुसरी बाजू. हात-पाय दोन्ही जमत नसतील तर पहिला आठवडा नुसता पायच मागे घ्या.

दुसरा कुशीचा पूल, म्हणजे साइड प्लँक. कुशीवर आडवं व्हायचं, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे काटकोनात दुमडलेले. कोपर आणि गुडघा यांवर भार देऊन खुबा वर उचलायचा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष. पाय सरळ ठेवून करायचा प्रकार सुरुवातीला नको. हा व्यायाम कुणाला आवडत नाही, कारण कुशीचे स्नायू रोजच्या आयुष्यात इतके क्वचित वापरले जातात की पाचव्या सेकंदालाच थरथर सुटते. थरथर चालेल. खांदा दुखायला लागला तर कोपराखाली घडी घातलेली सतरंजी घ्या. तरीही दुखला तर भिंतीला कोपर टेकून, उभ्याने, अंग तिरकं ठेवून करा.

तिसरा अर्धी उठण. पाठीवर झोपून एक गुडघा वर, दुसरा पाय सरळ. दोन्ही हातांचे तळवे कमरेच्या पोकळीखाली सरकवायचे. डोकं, मान आणि खांदे एकत्र, जमिनीपासून फक्त दोन-तीन बोटं वर. बस्स. शाळेत पीटीच्या तासाला पाय धरून ज्या उठाबशा (सिट-अप्स) मारल्या, त्या इथे नकोत; त्यांत कमरेची गादी प्रत्येक वेळी दुमडते आणि दाबली जाते. हातांवरचा दाब बदलला नाही म्हणजे तुमची कंबर हलली नाही असं समजा.

दहा सेकंदांची मर्यादा मुद्दाम आहे. स्नायू आवळून धरला की त्याच्यातला रक्तपुरवठा आखडतो. लांबवत नेलं तर स्नायू थकतो, मग बाकीचं अंग लबाडी करून वजन सावरतं आणि चुकीची सवय लागते. म्हणून थोडा वेळ धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. प्रत्येक बाजूला आधी ६ वेळा, अर्धा मिनिट विसावा, मग ४ वेळा, विसावा, मग २ वेळा. तिन्ही मिळून वीस मिनिटांच्या आसपास. श्वास रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजलेत तर तो रोखला जाणारच नाही.

वेळेचं मात्र माझं ऐका. तुम्ही ते चार दिवस पहाटे उठल्या उठल्या व्यायाम केले असणार, कारण हिशेब खात्यातल्या माणसाला दुसरी वेळ कुठली? रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून टम्म होतात. आपण सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो ते याचमुळे. त्या वेळी कमरेतून पूर्ण वाकलं तर गादीवरचा ताण कितीतरी जास्त असतो. उठल्यानंतर पहिला तासभर वाकणं टाळा; पायाचे अंगठे धरणं, जमिनीवर उकिडवं बसून बूट बांधणं, बादली उचलणं, सगळंच. नुसतं सकाळी वाकणं टाळूनही जुनी पाठदुखी कमी झाल्याचं अमेरिकेत १९९० च्या दशकात केलेल्या एका चाचणीत दिसलं आहे. पैसे न लागणारा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. व्यायाम संध्याकाळी घरी आल्यावर, चहा झाल्यावर करा. सकाळीच जमणार असेल तर आंघोळ, चालणं झाल्यावर.

आता मेहुण्यांचे सूर्यनमस्कार. ते तुमच्या मातीतले आहेत. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावले, आणि तुमच्या जिल्ह्यातली आटपाडी त्याच संस्थानात होती. त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही. पण दोन अडचणी आहेत. ते सूर्योदयाला घालायचे असतात, म्हणजे नेमके गाद्या फुगलेल्या असताना, आणि प्रत्येक नमस्कारात दोनदा पूर्ण पुढे वाकायचं असतं. बारा घातले की चोवीसदा. निरोगी पाठीला ते झेपतं. तुम्ही दोन महिने थांबा. मग गुडघे वाकवून, हात पिंडरीपर्यंतच नेऊन, रोज तीन-चारने सुरू करा आणि ऊन थोडं चढू द्या. सूर्यनारायण रागावणार नाहीत.

त्याच नमस्कारातलं भुजंगासन मात्र तुम्ही आजपासूनही घेऊ शकता, वेगळं काढून. न्यूझीलंडमध्ये १९५६ साली रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टाच्या दवाखान्यात एक पाय दुखणारा रुग्ण चुकून, डोक्याकडचा भाग उचलून ठेवलेल्या खाटेवर पालथा झोपला. कुणी येईपर्यंत तो तसाच कमरेत मागे वाकून पडला होता. मॅकेन्झी येऊन बघतात तर बुवा म्हणतो, कित्येक आठवड्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यावरून पुढे एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. पालथं पडा, दोन मिनिटं नुसते कोपरांवर राहा, मग हातांनी छाती वर ढकला, कंबर सैल जमिनीवर, आठ-दहा वेळा. अकरा तास पुढे झुकून बसणाऱ्या माणसाला हे बहुधा मानवतं. दुखणं पसरलेलं असेल आणि या व्यायामाने ते आत, कमरेच्या मध्याकडे सरकलं तर शुभशकुन. ते खाली मांडीत, पोटरीत उतरायला लागलं तर लगेच थांबा आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टाला गाठा.

दुखण्याचंही एक मोजमाप ठेवा, आकड्यांशी तुमचं जमतंच. शून्य ते दहा धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी मूळ पदावर आलं, तर पुढे जायचं. पाचच्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं, तर आकडे निम्मे करायचे. बंद करायचे नाहीत, निम्मे करायचे. त्या पाचव्या दिवशी तुमचं नेमकं हेच चुकलं.

पहिले दोन आठवडे एवढंच, आणि जोडीला रोज पंधरा-वीस मिनिटं हात हलवत झपझप चालणं.

तिसऱ्या आठवड्यापासून ढुंगणाचे स्नायू जागे करायचे. खुर्चीत बसणाऱ्यांचे हे स्नायू उशीसारखे वापरून वापरून उशीच झालेले असतात, आणि ते काम करत नाहीत म्हणून उठताना-वाकताना सगळा बोजा कमरेवर येतो. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, म्हणजे सेतुबंधासन. वर जाताना टाचा जमिनीत रुतवा म्हणजे जोर योग्य जागी लागेल. दुसरं म्हणजे वाकायला नव्याने शिकणं. झाडूचा दांडा किंवा काठी पाठीवर उभी धरा, ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे : डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मध्ये, आणि माकडहाड. आता गुडघे जरासे सैल करून ढुंगण मागे न्या, जणू हात भरलेले आहेत आणि मागचं दार ढुंगणाने लोटायचं आहे. धड पुढे येतं, काठी तिन्ही जागा सोडत नाही. वाकलात, पण कमरेतून नाही, खुब्यातून. भातलावणीत दिवस काढणाऱ्या काही बायका अशाच सपाट पाठीने वाकतात. जाता-येता कधी नीट बघा. पेन पडलं की इथून पुढे ते असं उचलायचं.

आणि मित्राच्या बैठका? मित्र बरोबर आहे, फक्त आकडा आणि खोली त्याची आहे, तुमची नाही. खुर्चीच्या कडेला ढुंगण टेकेपर्यंतच बसायचं, टेकलं न टेकलं की उठायचं, दहा वेळा. दर आठवड्याला पाच वाढवा. तालमीतल्या लोकांकडून मला एक शब्द उसना घ्यावासा वाटतो. ते 'अंग कमावलं' म्हणतात. जपलं म्हणत नाहीत, बनवलंही म्हणत नाहीत. कमाई म्हटली की ती रोजची, थोडी थोडी, आणि खर्च करायसाठीच असते.

पट्ट्याचं काय करायचं ते आता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट पाठदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात व्यायाम सुचवला आहे आणि कमरेचे पट्टे नेहमीसाठी वापरू नका असं सांगितलं आहे. पण इतके महिने दिवसभर बांधलेला पट्टा मी तुम्हाला एका दिवसात सोडायला सांगणार नाही. तुमची पाठ बावचळेल आणि तुमचा धीर सुटेल. या आठवड्यात घरात सोडा. पुढच्या दोन आठवड्यांत कार्यालयात आधी सकाळी, मग दिवसभर. मोटरसायकलवर आणखी महिनाभर राहू दे. त्यानंतर कपाटात. मोटरसायकलचा विषय निघालाच आहे तर, मागच्या खिशातलं पाकीट पुढच्या खिशात हलवा. सोळा किलोमीटर एका ढुंगणाखाली उंचवटा घेऊन बसणं कमरेला आणि पायाच्या शिरेला, दोघांनाही जाचतं. टायरमधली हवा आणि मागचे शॉकअब्झॉर्बर बघून घ्या. चटई गुंडाळून ठेवा. स्पेनमध्ये ३१३ पाठदुखीवाल्यांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. आणि पंगतीत बसा हो. मागे भिंत असलेली जागा पकडा, मांडीखाली पाट घ्या, पण बसा.

खुर्चीबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण लोक खुर्चीवर पंधरा हजार घालतात आणि तिच्यात तसेच अकरा तास बसतात. मणक्यांच्या गादीला मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. दाब पडला की पाणी बाहेर, सुटला की आत, अशी तिची खाण्यापिण्याची सोय असते. एकाच स्थितीत राहिलं की ती सोयच बंद पडते, मग तुम्ही कितीही आदर्श ताठ बसा. त्यामुळे दर अर्ध्या-पाऊण तासाने उठणं महत्त्वाचं, भले मिनिटभरच. शिपायाला सांगून ठेवा, माझा चहा टेबलावर आणू नकोस. फोन उभ्याने घ्या. बिलांचा गठ्ठा हाताशी न ठेवता पलीकडच्या रॅकवर ठेवा. उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवा आणि पाच वेळा मागे वाका. सहकारी पहिले दोन दिवस हसतील, तिसऱ्या दिवशी त्यांतले दोघे तुमच्या शेजारी उभे राहून तेच करतील. हे मी अनेक कार्यालयांत पाहिलं आहे.

मधेच कधीतरी पुन्हा उसण भरेल. व्यायाम चालू असतानाही भरते, आणि तेव्हा माणूस 'बघा, मी म्हणत होतो' म्हणून सगळं सोडतो. त्या वेळी एक-दोन दिवस गरम पाण्याची पिशवी, पालथं पडणं, घरातल्या घरात दर तासाला चार पावलं चालणं. अंथरूण धरून बसायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चौरंग निम्म्या आकड्यांवर सुरू.

राहिला मुलीचा प्रश्न. तो तुम्ही सगळ्यात शेवटी, एका ओळीत विचारलात, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलं असावं असं मला वाटलं. उचलता येईल. त्याची तयारी सातव्या आठवड्यापासून न्हाणीघरातल्या बादलीने करायची, कारण पाण्याइतकं सोपं वजन नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. ५ लिटर भरून बादली स्टुलावर ठेवा. काठीने शिकलात तसं खुब्यातून वाकून, बादली अंगाला चिकटवून उचला, आठ वेळा, एक दिवसाआड. जमलं की स्टुलाऐवजी पाटावर, मग जमिनीवरून. दर आठवड्याला दोन-तीन लिटर वाढवा. त्याच बादल्या एकेका हातात घेऊन घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न कलता, चाला. कुशीच्या पुलाची ती चालती-बोलती परीक्षा आहे. बाराव्या आठवड्यात दोन बादल्यांत दहा-दहा लिटर असले पाहिजेत.

मग लेकीला आधी पलंगावर उभी करा आणि तिथून कडेवर घ्या. जमिनीवरून उचलणं त्याच्या पुढच्या पंधरवड्यात. तिला दोन्ही हातांनी तुमच्या गळ्याला मिठी मारायला सांगा, लोंबकळणाऱ्यापेक्षा चिकटलेलं मूल हलकं लागतं. तोवर कारखान्याचा बॉयलर पेटलेला असेल आणि तिचं वजनही १८ वर थांबलेलं नसेल. किलोभर वाढ आताच हिशेबात धरून ठेवा.